उडता न येणारा पाणकावळा आणि समुद्री इग्वाना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गालापागोस द्वीपसमूहाच्या पश्चिम टोकाला, फर्नांदिना बेटावर, काळ्या लाव्ह्याच्या एकाच खडकावर एक पक्षी आणि एक सरडा ऊन खात बसलेले दिसतात. पक्षी म्हणजे उडणं विसरलेला पाणकावळा. सरडा म्हणजे समुद्रात उतरून चरणारा इग्वाना, आणि हे काम करणारा जगातला तो एकमेव सरडा. या दोघांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

जगात एवढे समुद्रपक्षी आणि एवढे मोठे सरडे असताना हीच जोडी का निवडली?

अल्बट्रॉस आणि कोमोडो ड्रॅगन अशी जोडी ऐकायला भारी वाटते, पण ती तुलना करून हाती फारसं लागत नाही. एक दक्षिणेच्या वादळी समुद्रावर, दुसरा इंडोनेशियाच्या कोरड्या बेटांवर. दोघांत जो फरक दिसेल तो शरीराचा की जागेचा, हे ठरवणार कसं?

गालापागोसच्या या जोडीची गोष्ट निराळी आहे. खडक एक, पाणी एक, ऊन एक, आणि वाईट वर्ष आलं की तेही दोघांना एकदमच येतं. दोघांचेही पूर्वज बाहेरून इथे पोचले आणि पोटासाठी पाण्यात उतरले. परिस्थिती इतकी सारखी असल्यामुळे उरलेला फरक स्वच्छ दिसतो. माझ्या मते तो फरक मुळात उष्णतेचा आहे. शरीर गरम ठेवायला कोण काय किंमत मोजतं, याचा. बाकी बरंच काही त्याच्यामागून येतं.

हे दोघे नेमके राहतात कुठे?

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेला, विषुववृत्तावर, इक्वाडोरच्या मालकीच्या गालापागोस बेटांवर. इग्वाना सगळ्या मोठ्या बेटांच्या किनाऱ्यांवर आहे. पाणकावळा मात्र फक्त फर्नांदिना आणि शेजारच्या इसाबेला बेटाच्या उत्तर-पश्चिम किनाऱ्यावर. याच्या बाहेर जगात कुठेही नाही.

विषुववृत्तावर असूनही इथलं पाणी थंड असतं. क्रॉमवेल नावाचा खोल प्रवाह पश्चिमेकडून येतो, या दोन बेटांच्या पायथ्याला आपटतो आणि वर चढतो. तळाची खनिजं त्याच्याबरोबर वर येतात, त्यावर शेवाळ पोसतं, मासे पोसतात. इग्वाना शेवाळावर जगतो आणि पाणकावळा माशांवर. म्हणजे दोघांचाही अन्नदाता हाच प्रवाह.

दोघांना ओळखायचं कसं? आकार केवढा?

पाणकावळा जवळपास मीटरभर लांब, वजन अडीच ते पाच किलो. जगातल्या सगळ्या पाणकावळ्यांत वजनदार. वरून काळपट, खालून तपकिरी, चोच लांब आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली. डोळे मात्र निळे-हिरवे, एखाद्या रत्नासारखे. त्याने पंख पसरले की पाहणाऱ्याला हसू येतं. विरळ, विस्कटलेले, उडायला हवेत त्याच्या जेमतेम एक तृतीयांश.

इग्वानाचा नर शेपटीसकट सव्वा मीटरपर्यंत जातो. पण बेटागणिक वजनात प्रचंड फरक. हेनोवेसा बेटावरचा मोठा नर किलोभराचा, तर इसाबेला-फर्नांदिनावरचा बारा किलोंपर्यंत. जात तीच. फरक शेवाळाच्या सुबत्तेचा आणि पाण्याच्या तापमानाचा. तोंड बोथट आणि आखूड, म्हणजे खडकाला तोंड लावून शेवाळ खरवडता येतं. दातांना तीन-तीन टोकं. नखं लांब आणि बळकट, शेपटी बाजूंनी चपटी. बहुतेक ठिकाणी रंग काळा, पण एस्पान्योला बेटावरचे नर विणीच्या काळात लाल-हिरवे होतात.

इग्वाना म्हणजे आपली घोरपडच ना?

नाही, जरी फोटो पाहून पहिल्यांदा सगळ्यांनाच तसं वाटतं. दोघं सरडेच, पण कुळं वेगळी आणि फार पूर्वी फुटलेली. आपली घोरपड मांसाहारी आहे. किडे, बेडूक, अंडी, मेलेली जनावरं, मिळेल ते. सापासारखी दुभंगलेली जीभ बाहेर काढून ती वास घेत हिंडते. इग्वानाची जीभ जाड आणि मांसल असते, आणि तो पक्का शाकाहारी.

साम्य एका गोष्टीत मात्र आहे : नखांची पकड. तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगडावर घोरपड लावून चढाई केली ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. पण समुद्री इग्वानाची नखं पाहिली की अशी कथा कुणाला का सुचली असेल ते समजतं. लाटा अंगावर फुटत असतात, पाणी मागे ओढत असतं आणि हा खडकाला चिकटून निवांत चरत असतो.

घोरपड भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारणं, पकडणं, बाळगणं हा गुन्हा. हे या पानाशी थेट संबंधित नाही, पण विषय निघालाच आहे तर सांगून ठेवलेलं बरं.

आणि आपल्या धरणांवर दिसतो तो पाणकावळा?

तो याचा खरा भाऊबंद. उजनीच्या किंवा जायकवाडीच्या पाण्यात वठलेल्या झाडांवर पंख पसरून बसलेले काळे पक्षी तुम्ही पाहिले असतील. बुडी मारून मासा धरायचा, बाहेर येऊन पंख वाळवायचे, हा या सगळ्या कुळाचा दिनक्रम. त्यांची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत, भिजतात. ओली पिसं बुडायला सोयीची, पण नंतर वाळवावी लागतात.

गंमत अशी की गालापागोसचा हा पक्षी उडत नसला तरी बाहेर आल्यावर तितक्याच गंभीरपणे पंख पसरून उभा राहतो. उडायचं नाही, पण रिवाज मोडायचा नाही.

त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक अमेरिका खंडातले दोन उडणारे पाणकावळे आहेत. जनुकांवरून काढलेला अंदाज असा की त्यांच्यापासून तो सुमारे २० लाख वर्षांपूर्वी वेगळा झाला. समुद्री इग्वाना त्याच बेटांवरच्या जमिनीवरील इग्वानापासून वेगळा झाला त्याला साधारण ४५ लाख वर्षं झाली असावीत. म्हणजे या खडकावरचा जुना रहिवासी सरडाच.

पक्षी आणि सरडे एकमेकांचे नातेवाईक आहेत का?

आहेत, पण लांबचे. पक्षी डायनोसॉरांच्या एका शाखेतून आले, त्यामुळे आज जिवंत असलेल्यांत त्यांचे सर्वांत जवळचे सगेसोयरे म्हणजे मगरी. सरडे, साप आणि न्यूझीलंडचा सरड्यासारखा दिसणारा तुआतारा ही दुसरी शाखा. दोन्ही शाखा २५ कोटी वर्षांहून आधी फुटल्या. सरडा मगरीसारखा दिसतो, पण मगर सरड्यापेक्षा पाणकावळ्याला जवळची आहे. हे वाचून शाळेतली जीवशास्त्राची पुस्तकं आठवून लोक चिडतात, पण आहे ते असं आहे.

जुन्या नात्याची एक खूण खडकांवर सगळीकडे दिसते, पांढऱ्या डागांच्या रूपात. पक्षी आणि सरडे दोघेही शरीरातली नत्राची घाण आपल्यासारखी पातळ लघवी करून टाकत नाहीत. ती युरिक आम्लाच्या पांढऱ्या लगद्यासारखी बाहेर पडते. गोड्या पाण्याचा थेंब नसलेल्या किनाऱ्यावर ही मोठीच सोय आहे.

एक उष्ण रक्ताचा, एक थंड रक्ताचा. याने प्रत्यक्षात काय फरक पडतो?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

आधी एक गैरसमज. इग्वानाचं रक्त नेहमी थंड नसतं. दुपारी काळ्या लाव्ह्यावर पडून राहिलेल्या इग्वानाचं शरीर ३५-३६ अंशांपर्यंत तापलेलं असतं, जवळपास आपल्याएवढं. फरक उष्णता येते कुठून याचा आहे. पाणकावळ्याची उष्णता त्याच्याच शरीरात, खाल्लेल्या अन्नातून तयार होते. इग्वाना ती सूर्याकडून घेतो.

पक्ष्याचं शरीर सुमारे ४० अंशांवर रात्रंदिवस टिकवून ठेवावं लागतं. तो बसलेला असो, झोपलेला असो की पाण्यात असो, रिक्षाचं मीटर चालूच. सारख्याच वजनाच्या सरड्याच्या तुलनेत पक्ष्याला दिवसाकाठी दहा पटींहून जास्त ऊर्जा लागते. म्हणून तो रोज शिकारीला जातो आणि त्याला मासा, वाम, ऑक्टोपस असं सकस खाणं लागतं. शेवाळ खाऊन त्याचं भागणारच नाही.

इग्वानाला फुकट उष्णता मिळते, पण तिच्यासाठी वेळ द्यावा लागतो. सकाळी तो खडकावर सपाट पसरतो, अंगाचा जास्तीत जास्त भाग उन्हाला देतो. पुरेसा तापला की ओहोटीची वेळ साधून खाली उतरतो. पाणी विशीच्या आसपास, कधी त्याहूनही गार. थोड्याच वेळात शरीराचं तापमान जवळपास दहा अंशांनी उतरतं, हातपाय जड होतात. मग बाहेर यायचं, खडकाला पोट लावायचं आणि पुन्हा तापायचं. हे तापणं नुसतं आरामासाठी नसतं. शेवाळ पचवणारे जिवाणू त्याच्या आतड्यात असतात आणि त्यांचं काम उबेतच नीट चालतं. ऊन नाही मिळालं तर पोट भरलेलं असूनही उपयोग नाही. दुपारी खडक भाजू लागला की उलट खटाटोप : छाती उचलायची, तोंड सूर्याकडे करायचं, म्हणजे अंगावर कमीत कमी ऊन पडतं आणि पोटाखालून वारा जातो. रात्री एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करायचा, म्हणजे ऊब टिकते.

थोडक्यात पक्षी अन्न मोजतो, सरडा वेळ मोजतो. कुणाचा व्यवहार शहाणपणाचा? चांगल्या वर्षी सांगता येत नाही. वाईट वर्षी काय होतं ते पुढे आहे.

समुद्रात खोल कोण जातं?

पाणकावळा, निर्विवाद. तो बहुतेक वेळा किनाऱ्यालगत, पंधरा मीटरच्या आत तळ धुंडाळतो, पण सत्तर मीटरहून खोल गेल्याच्याही नोंदी आहेत.

इग्वानाबद्दल टीव्हीवर नेहमी पाण्याखाली चरणारा नर दाखवतात, त्यामुळे सगळेच बुड्या मारतात असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक इग्वाना, म्हणजे माद्या, पिल्लं आणि छोटे नर, ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरच चरतात. बुडी मारणं हे मोजक्या मोठ्या नरांचं काम, कारण मोठं शरीर सावकाश थंड होतं. त्यांच्याही बुड्या सहसा काही मीटर खोल आणि काही मिनिटांच्या. पण दम धरण्यात सरडा वरचढ. श्वास रोखून अर्धा तास तो सहज काढू शकतो, कारण थंडावलेल्या, मंदावलेल्या शरीराला प्राणवायूच कमी लागतो.

पोहण्याची तऱ्हाही बघण्यासारखी. इग्वाना पाय अंगाला चिकटवतो आणि चपटी शेपटी नागमोडी हलवत जातो. पाणकावळा मागच्या दोन जालपादांनी ढकलत जातो आणि पंख अंगाशी घट्ट मिटून घेतो.

समुद्राचं पाणी पोटात गेल्यावर मिठाचं काय करतात?

दोघांच्याही डोक्यात मीठ वेगळं काढणाऱ्या ग्रंथी आहेत, आणि त्या दोघांनी स्वतंत्रपणे कमावलेल्या आहेत. इग्वाना चक्क शिंकतो. दोन्ही नाकपुड्यांतून खारट पाण्याची पिचकारी उडते, बरीचशी त्याच्याच डोक्यावर पडते आणि वाळून पांढरी खपली धरते. जवळून पाहिलं तर म्हाताऱ्या नरांच्या कपाळावर चुन्याचा हात फिरवल्यासारखं दिसतं. पाणकावळ्याच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात, बुडी मारताना पाणी शिरू नये म्हणून. त्याचं खारट पाणी तोंडातून चोचीच्या टोकाकडे ओघळतं.

पाणकावळ्याचं उडणं गेलं कसं?

"वापर नाही म्हणून पंख झडले" असं उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धवट आहे. नुसतं न वापरल्याने अवयव पुढच्या पिढीत लहान होत नाही. लहान पंखांचे पक्षी जास्त जगले किंवा जास्त पिल्लं वाढवू शकले, तरच तसं होतं.

इथे ते शक्य झालं, कारण पाणकावळे पाण्याखाली पायांनी पोहतात. याच बेटांवर पेंग्विनही आहेत. त्यांनाही उडता येत नाही, पण ते पंखांनी पोहतात, म्हणून त्यांचे पंख वल्ह्यासारखे कडक आणि मजबूत राहिले. पाणकावळ्याला पाण्याखाली पंखांचा उपयोग शून्य. उलट मोठे पंख म्हणजे अडलेली हवा, अडलेलं पाणी. जमिनीवर पळून जावं असा शिकारी प्राणी नव्हता आणि अन्न किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. उडण्याचे स्नायू बाळगणं हा नुसता खर्च होता. ते घटले तसं छातीच्या हाडावरची उभी धार, जिला हे स्नायू चिकटलेले असतात, तीही जवळजवळ नाहीशी झाली.

२०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी या पक्ष्याच्या जनुकसंचाची उडणाऱ्या पाणकावळ्यांशी तुलना केली. पेशींवर केसासारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. हाडं वाढवण्याचे निरोप पेशींना त्यांच्यामार्फत मिळतात. या तंतूंशी संबंधित अनेक जनुकांत या पक्ष्यात बदल झालेले सापडले. त्याच जनुकांत बिघाड झाला की माणसांत हाडांच्या वाढीचे आजार होतात. माणसात जे दुखणं ठरतं ते इथे वीस लाख वर्षं बिनबोभाट चाललं आहे.

इग्वाना आखूड होतो म्हणतात. खरंच लांबी कमी होते?

होते, आणि मोजून सिद्ध झालेलं आहे.

दर काही वर्षांनी एल निनो येतो. थंड प्रवाह क्षीण होतो, पाणी तापतं, इग्वानाला पचणारं लाल-हिरवं शेवाळ मरतं आणि त्याजागी तपकिरी शेवाळ माजतं. इग्वाना तेही खातो, पण ते पचत नाही. भरल्या पोटी उपासमार.

मार्टिन विकेल्स्की आणि कोरिना थोम यांनी सांता फे बेटावरच्या इग्वानांची वर्षानुवर्षांची मापं तपासली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एल निनोच्या काळात प्रौढ इग्वाना दोन वर्षांत सुमारे ६.८ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे शरीराच्या लांबीच्या २० टक्क्यांपर्यंत आखूड झाले होते. पट्टी चुकली असेल, वजन घटल्याने तसं वाटलं असेल, अशा शंका आधी आल्याच होत्या. पण इतकी घट नुसतं मांस किंवा कूर्चा आटून होऊ शकत नाही, हाडंच आखूड झालेली असणार. आणि जे जास्त आखडले तेच जास्त जगले. लहान तोंडाला उरलेलं थोडं शेवाळ पुरतं, लहान अंगाला कमी लागतं. सुबत्ता आली की पुन्हा वाढायचं.

पाणकावळ्याला हा मार्ग बंद आहे. शरीर चाळीस अंशांवर ठेवायचं तर काटकसरीला मर्यादा येते. १९८२-८३ च्या एल निनोत पाणकावळ्यांची संख्या निम्म्याने घटून चारशेच्या आसपास आली. इग्वानांचेही काही बेटांवर अतोनात बळी गेले, तेव्हा सरड्याने बाजी मारली असं म्हणायची घाई नको. पण पाणकावळे पुढच्या काही वर्षांत भराभर सावरले. कसे, ते त्यांच्या संसारात दिसतं.

पिल्लं कोण चांगली सांभाळतं?

इग्वानाच्या बाबतीत 'सांभाळणं' हा शब्द जपूनच वापरावा लागेल. मादी वाळूत किंवा राखेत बीळ खणते, एक ते सहा मोठी अंडी घालते, बीळ बुजवते आणि काही दिवस पहारा देते. हा पहारासुद्धा मुख्यतः दुसऱ्या मादीने तीच जागा उकरू नये म्हणून. मग ती निघून जाते. सुमारे तीन महिन्यांनी पिल्लं आपापली बाहेर येतात आणि थेट किनाऱ्याच्या कपारी गाठतात. शेवाळ पचवणारे जिवाणू जन्मतः पोटात नसतात, म्हणून ती मोठ्यांची विष्ठा खातात. किळस वाटू द्या, पण आईबापांकडून त्यांना मिळणारा एवढाच वारसा.

पाणकावळ्याचा संसार म्हणजे वेगळीच कादंबरी. सुरुवात पाण्यात होते. नर आणि मादी माना सापासारख्या वळवत एकमेकांभोवती गोल पोहतात. मग खडकावर शेवाळाचं घरटं. नर बुडी मारून येतो तो चोचीत शेवाळाची ओली जुडी घेऊनच, कधी तारामासा, कधी लाटांनी आणलेला दोरीचा तुकडा. मादी ती वस्तू घेते, घरट्यावर ठेवते, काढते, पुन्हा ठेवते. अंडी उबवण्याची पाळी बदलतानाही रिकाम्या चोचीने यायची पद्धत नाही. साधारण तीन अंडी, सुमारे पाच आठवडे उबवणी, आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू तगतं.

पिल्लू जरा मोठं झालं आणि समुद्रात मुबलक अन्न असलं, की मादी घर सोडते. नर एकटा पिल्लाला भरवत राहतो आणि ती दुसऱ्या नराबरोबर नवं घरटं मांडते. अनुकूल वर्षी एक मादी तीनदा वीण करू शकते. याला बेफिकिरी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात हिशेब दिसतो : एल निनोत निम्मी वस्ती गेल्यावर संख्या झपाट्याने भरून काढायची तर हाच उपाय कामाचा.

हे दोघे एकमेकांशी भांडतात का?

नाही. खाणं वेगळं, त्यामुळे वैर नाही. दुर्लक्ष हेच त्यांचं शेजारधर्म निभावणं.

मात्र दुसऱ्या एका पक्ष्याशी इग्वानाचं मजेशीर नातं आहे. गालापागोस हॉक हा ससाण्यासारखा पक्षी इग्वानांचा मुख्य शिकारी. तो दिसला की मॉकिंगबर्ड नावाचे छोटे पक्षी इशाऱ्याची हाक देतात. संशोधकांनी ती हाक ध्वनिमुद्रित करून ऐकवली तेव्हा इग्वाना सावध झाले, पळायला लागले. त्याच पक्ष्याचं नेहमीचं गाणं ऐकवलं तर तितकं लक्ष दिलं नाही. इग्वाना स्वतः असा कुठलाही आवाज काढत नाही, तरी परक्याची भाषा कामापुरती शिकला आहे.

डार्विनने या दोघांबद्दल काय लिहिलं?

इग्वानाबद्दल पुष्कळ, आणि कौतुक कमीच. १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तो इथे होता. त्याला हा प्राणी कुरूप, मळकट आणि मंद वाटला. त्याने एका इग्वानाला ओहोटीच्या डबक्यात पुन्हा पुन्हा फेकून पाहिलं. दर वेळी तो पोहत थेट डार्विनच्या पायाशी परत आला. डार्विनने तर्क केला की याला जमिनीवर शत्रू माहीत नाही, धोका असतो तो समुद्रातल्या शार्कचा, म्हणून घाबरला की तो किनाऱ्याकडेच पळतो. जहाजावरच्या एका खलाशाने इग्वानाला वजन बांधून तासभर बुडवून ठेवलं आणि वर काढला तर तो जिवंतच, हेही त्याने नोंदवलं आहे.

पाणकावळ्याचं शास्त्रीय वर्णन मात्र १८९८ साली वॉल्टर रॉथ्सचाइल्डने केलं, म्हणजे डार्विनच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. इथल्या फिंच पक्ष्यांच्या चोचींवरून एवढा विचार करणाऱ्या माणसाच्या हाती हे पंख लागले असते तर त्याने त्यावर किती पानं लिहिली असती, याची मला नेहमी हळहळ वाटते.

जास्त धोक्यात कोण आहे?

धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत दोघेही व्हल्नरेबल, म्हणजे असुरक्षित, श्रेणीत आहेत. कारणं सारखी नाहीत. इग्वाना लाखांत आहेत, पण माणसांनी आणलेल्या मांजरी, कुत्रे आणि उंदीर यांच्यापुढे हतबल. लाखो वर्षांत असा शिकारी पाहिलेलाच नसल्यामुळे ते वेळेत पळत नाहीत. तेलगळतीही त्यांना सोसत नाही. जानेवारी २००१ मध्ये 'जेसिका' हे टँकर सान क्रिस्तोबाल बेटाजवळ खडकावर चढलं. सांता फे बेटावर पोचलेलं तेल अगदी थोडं होतं, तरी पुढच्या वर्षभरात तिथले सुमारे ६२ टक्के इग्वाना मेले. कदाचित शेवाळ पचवणारे जिवाणूच तेलाने मारले असावेत, असं संशोधकांचं अनुमान.

पाणकावळे मुळातच दोन हजारांच्या आसपास, आणि सगळे दोन बेटांच्या किनाऱ्यावर. फर्नांदिनावर बाहेरून आलेला एकही सस्तन प्राणी नाही, हे त्यांचं नशीब. ते बदललं, किंवा तिथे एखादा टँकर फुटला, तर पळून जायला पंख नाहीत. संख्या पाहता मला पक्ष्याची काळजी जास्त वाटते.

माणसाला चावतात का?

इग्वाना नाही. फार जवळ गेलात तर मान हलवेल आणि शिंकेल. पाणकावळ्याची चोच धारदार आहे, घरट्याजवळ हात नेऊ नये.

समुद्री इग्वाना पाळता येईल का?

नाही. इक्वाडोर त्यांच्या निर्यातीला परवानगी देत नाही, त्यामुळे कुणी विकत असेल तर तो माल चोरीचा किंवा जात दुसरी. शिवाय खाऱ्या पाण्यातलं ताजं शेवाळ रोज कुठून आणणार?

दोघांना एकत्र पाहायचं तर कुठे जावं?

फर्नांदिनाच्या पुंता एस्पिनोसा या टोकावर. किटो किंवा ग्वायाकिलहून विमानाने बाल्त्रा किंवा सान क्रिस्तोबालला उतरायचं आणि पश्चिम बेटांची फेरी करणारी बोट धरायची. फर्नांदिनावर राहायला हॉटेल नाही, गावही नाही, त्यामुळे बोटीवरच मुक्काम. बोट ठरवताना 'पश्चिमेचा मार्ग' आहे का ते आधी विचारून घ्या, सगळ्या फेऱ्या तिकडे जात नाहीत. नुसता इग्वाना पाहायचा असेल तर सांता क्रूझवरच्या पुएर्तो आयोरा गावात धक्क्यावर आणि फुटपाथवरही ते पसरलेले असतात.

पाणकावळ्यांची वीण मुख्यतः थंड पाण्याच्या महिन्यांत, जुलै ते ऑक्टोबर. इग्वानांचे नर रंगात येतात ते वर्षाच्या शेवटी आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. दोन्ही एका फेरीत मिळणं अवघड, एक निवडावं लागेल. प्राण्यांपासून दोन मीटर अंतर ठेवायचा नियम आहे आणि मार्गदर्शकाशिवाय किनाऱ्यावर उतरता येत नाही. पाय कुठे ठेवता ते बघा. काळ्या खडकावर काळे इग्वाना पटकन दिसत नाहीत.